शिसे पाण्यात शोधायचे की नळात?

नळाच्या पाण्यात शिसे आहे का, हे मिनिटभरात सांगणारे यंत्र हवे, ही अपेक्षा रास्त आहे. धातू ओळखणारे तसे यंत्र आपल्याकडच्या सराफ बाजारांत दिसतेही. दागिन्याचा कॅरेट दाखवणारे ते यंत्र एक्सआरएफ तंत्रावर चालते. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी उतरतो आणि उतरताना नवा क्ष-किरण सोडतो. या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते, हे हेन्री मोझली यांनी 1913 मध्ये दाखवले. याच तंत्राचे हातात मावणारे यंत्र रंगातले, मातीतले शिसे चटकन पकडते. मग ते पाण्याच्या ग्लासावर का धरू नये? माझे उत्तर असे की, ते ग्लासावर नव्हे, नळावर धरावे.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे अब्ज भागांत 10 भाग. हातातल्या एक्सआरएफला घन नमुन्यात, तेही अनुकूल स्थितीत, दिसतात ते दशलक्षात काही भाग. फरक शेकडो पटींचा आहे. त्यातच पाणी क्ष-किरण इतके विखुरते की धातूचा क्षीण संकेत त्या गोंधळात बुडतो. शिसे आणि आर्सेनिक यांच्या मुख्य रेषाही जवळपास एकाच ऊर्जेवर, 10.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतात. तेव्हा पडद्यावरच्या ‘आढळले नाही’चा अर्थ एवढाच की यंत्राला दिसले नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे उदाहरण घ्या. एप्रिल 2014 मध्ये तिथे नदीचे पाणी सुरू झाले, पण नळांची झीज रोखणारे रसायन त्यात घातले नाही. व्हर्जिनिया टेकच्या चमूने 2015 मध्ये घरोघरचे नमुने तपासले, तेव्हा दर दहांतल्या एका घरात शिसे अब्ज भागांत 27 किंवा त्याहून जास्त निघाले. देश हादरवणारा हा आकडा बाटलीवर धरलेल्या हातयंत्राला दिसलाच नसता. आणि ते शिसे आले होते नळजोडण्यांतून.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की, पाणी आटवून मागे उरणारा क्षार तपासावा. आक्षेपात तथ्य आहे. लिटरभर पाण्यात 300 मिलिग्रॅम क्षार असतील, तर मर्यादेइतके, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम शिसे त्या क्षारात दशलक्षात 33 भाग भरते, आणि ते यंत्राच्या टप्प्यात येते. पण बोअरच्या जड पाण्यात क्षार तिप्पट-चौपट असले की हा आकडा दहाच्या आसपास घसरतो. पारा आटवतानाच उडून जाऊ शकतो, आणि कॅडमियमची मर्यादा तर अब्जात 3 भागांचीच आहे. संपूर्ण परावर्तनावर चालणारे टीएक्सआरएफ पाण्यातले अब्जांशही मोजते. मात्र ते प्रयोगशाळेचे यंत्र आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: प्रयोगशाळा लांब, यंत्र जवळ. म्हणूनच जवळच्या यंत्राला जमेल ते काम द्यावे. पितळ कातायला सोपे जावे म्हणून त्यात शिसे मिसळण्याची पद्धत जुनी आहे, आणि ते टक्क्यांत असते. जुन्या पीव्हीसी पाइपांत शिशाचे स्थिरक असू शकतात. त्यावर केंद्राने 2021 मध्ये नियम केले. हे शिसे हातयंत्राला लगेच दिसते. मात्र क्ष-किरण धातूत फार खोल जात नाहीत, म्हणून नळाची वरची क्रोमची चकाकी टाळून आतला पितळी भाग तपासावा. नळात शिसे आहे म्हणजे पाण्यात उतरलेच असे नाही. ते पाण्याची आम्लता आणि ते किती वेळ साचून राहिले यावर ठरते. त्याचा निर्णय पाण्याच्या तपासणीनेच होईल. सोन्याच्या हॉलमार्किंगमध्येही एक्सआरएफ ही प्राथमिक चाळणी असते, अंतिम कस अग्निपरीक्षेने ठरतो.

टीडीएस मीटर शिशाबद्दल काहीच सांगत नाही आणि उकळल्याने शिसे जात नाही. तेव्हा घरातला नळ किंवा पाइप संशयास्पद निघाला, तर रात्रभर साचलेले सकाळचे पहिले लिटरभर पाणी, नळ आधी न सोडता, स्वच्छ बाटलीत भरा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. नेहमीच्या तपासणीत जड धातू असतीलच असे नाही. अर्जात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम ही नावे स्वतः लिहा.