गर्भारपणात सांधे का निवतात?

फिलिप हेंच म्हटलं की कॉर्टिसोन हे औषध आठवतं, आणि ते साहजिकच आहे. एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह त्यांना १९५० सालचं नोबेल पारितोषिक मिळालं, ते अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी. तरीही मला हेंच मोठे वाटतात ते औषधाच्या आधी त्यांनी विचारलेल्या प्रश्नामुळे. औषध हाती आलं, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या आणि मूळ प्रश्न कित्येक वर्षं अनुत्तरितच राहिला.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला, मेयो क्लिनिकमध्ये हेंच आमवाताचे रुग्ण तपासत. एप्रिल १९२९मध्ये पासष्टीच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सुजलेले, आखडलेले सांधे मोकळे झाले. कावीळ उतरल्यावरही हा आराम काही काळ टिकला. आमवात म्हणजे चिवट जंतुसंसर्ग, असा तेव्हा अनेक डॉक्टरांचा समज होता. संसर्ग असा एका दुसऱ्याच आजाराने मागे हटेल कसा? पुढे गर्भवती स्त्रियांतही त्यांना हाच उतार दिसला. १९३८मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. बहुतेकींचं दुखणं गर्भारपणात ओसरत होतं आणि बाळंतपणानंतर परत येत होतं. यापुढचा त्यांचा तर्क मला फार देखणा वाटतो. उतार केवळ गर्भारपणात पडला असता, तर स्त्रीसंप्रेरकाकडे बोट दाखवता आलं असतं. पण कावीळ पुरुषांनाही होते. म्हणजे दोघांच्याही शरीरात असणारा, रोग थोपवणारा एखादा पदार्थ असला पाहिजे. त्याला त्यांनी ‘एक्स’ म्हटलं. केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथींतून वेगळं केलेलं ‘संयुग ई’, म्हणजेच पुढचं कॉर्टिसोन, वापरून पाहायचं १९४१मध्ये ठरलं, पण ते पुरेशा प्रमाणात मिळायला १९४८ उजाडलं. त्या वर्षी २१ सप्टेंबरला २९ वर्षांच्या एका स्त्रीला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. नीट चालताही न येणारी ती स्त्री काही दिवसांतच हिंडू-फिरू लागली.

मग ‘एक्स’ सापडलाच की, असं कुणी म्हणेल. गर्भारपणात रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे कॉर्टिसोनच्याच जातीचं संप्रेरक, वाढतं, हेही खरंच. पण ते जवळजवळ प्रत्येक गर्भवतीत वाढतं आणि सांधे मात्र सगळ्यांचे निवत नाहीत. हा फरक संप्रेरकाने उलगडत नाही. त्यासाठी दुसऱ्या वाटेने जावं लागतं आणि ती वाट १९५३मध्ये रोगप्रतिकारशास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी दाखवली होती. गर्भाची निम्मी जनुकं वडिलांची असतात. म्हणजे आईच्या रोगप्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने तो निम्मा परका. परक्याचं कातडं नाकारणारं शरीर त्याला नऊ महिने कसं सांभाळतं? हेंच यांचं कोडं मेदावर यांच्या कोड्याशेजारी ठेवलं की दोन्ही बोलू लागतात. संशोधक ली नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम १९९३मध्ये केलं. ज्या ३४ गर्भारपणांत आमवात निवला, त्यांतल्या २६ वेळा आई आणि गर्भ यांच्या ऊतींच्या ओळखखुणा, म्हणजे एचएलए प्रकार, ठरावीक ठिकाणी जुळत नव्हते. ज्या १२ गर्भारपणांत रोग धगधगतच राहिला, त्यांत असं तीनदाच आढळलं. गर्भ जितका परका, तितका आईला आराम अधिक, असा त्याचा रोख आहे.

आकडे लहान आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. एवढ्यावरून नियम बांधता येत नाही. शिवाय पुढे नेदरलँड्समध्ये गर्भवतींची पद्धतशीर पाहणी झाली, तेव्हा जुन्या लेखांत दिसतो त्याहून कमी स्त्रियांना आराम पडल्याचं आढळलं. पण म्हणून हेंच यांचं निरीक्षण खोटं ठरत नाही. ते बारकाईने पाहावं लागतं, एवढंच. याच पाहणीत असंही दिसलं, की रक्तात आमवाताची विशिष्ट प्रतिपिंडं नसलेल्या स्त्रियांना आराम अधिक पडतो. रोग एकाच नावाने ओळखला जात असला तरी त्याच्या मुळाशी एकच यंत्रणा नसावी, हे इथे कळतं. कॉर्टिसोन सगळ्यांचीच सूज दडपतं, त्यामुळे हा फरक त्याच्या आड झाकला जातो. शिवाय ते दीर्घकाळ घेतलं की हाडं ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते. गर्भारपणात शरीर जे करतं, ते बाहेरून औषध न घेता. म्हणूनच त्याचा माग सोडून चालत नाही.

हा माग बाळंतपणाशी थांबत नाही. वार पडल्यानंतर पुढच्या काही महिन्यांत रोग अनेकींवर पुन्हा उसळतो. नेमकं तेव्हाच तान्ह्या बाळाला दिवसातून कितीदा तरी उचलायचं असतं, पाजायचं असतं, आणि बोटं मिटत नसतात.