गंगाजळी किती, ठेवायची कुठे?
भाडे, किराणा, वीजबिल, शाळेची फी, कर्जाचे हप्ते धरून घराला महिन्याला ३० हजार लागत असतील, तर सहा महिन्यांची गंगाजळी होते १ लाख ८० हजारांची. एका वर्षात ती उभी करायला दरमहा १५ हजार हवेत; बहुतेकांना ते झेपत नाही. त्यापेक्षा १ एप्रिलपासून पहिल्या वर्षी तीनच महिन्यांचे, ९० हजारांचे लक्ष्य ठेवावे: पगार जमा होताच साडेसात हजार आवर्ती ठेवीत. दिवाळीचा बोनसही इकडेच (निदान अर्धा तरी!). पीपीएफ यासाठी नव्हे, त्याची मुदत १५ वर्षे. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण असते. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही.