शर्यतीच्या खेळातील अश्वशक्ती

फरीदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कारखान्यातून १९८३ साली ‘राजदूत ३५०’ ही मोटारसायकल बाहेर पडली. जपानच्या यामाहा कंपनीच्या आरडी ३५० या गाडीची ती भारतीय आवृत्ती होय. मूळ गाडी ३९ अश्वशक्तीची. भारतीय गाडीची शक्ती प्रथम सुमारे ३१ आणि पुढील प्रकारात सुमारे २७ इतकी उतरविण्यात आली. इंजिन मात्र तेच, ३४७ घनसेंटिमीटरचे. पेट्रोल कमी लागावे म्हणून जळालेला वायू बाहेर पडण्याच्या मार्गास आवर घातला गेला होता. तो आवर सैल केला की दडलेली शक्ती प्रकट होते, हे हौशी कारागिरांनी लवकरच ओळखले.

कारागिराने कानशीने जे साधले, तेच संगणकावर शर्यत खेळणारा मुलगा आज बटण दाबून साधतो. १९९७ साली जपानमध्ये निघालेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळाने बक्षिसाच्या पैशांतून गाडीचे सुटे भाग घेण्याची रीत लोकप्रिय केली. पहिला पैसा बहुधा इंजिनावर जातो. पडद्यावरचा अश्वशक्तीचा आकडा फुगतो; फेरीला लागणारा वेळ मात्र पुष्कळदा जवळजवळ तेवढाच राहतो. खेळाडू मग खेळ रचणाऱ्यास दोष देतो. वस्तुतः दोष असलाच तर तो हवेचा आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून २७ अश्वशक्तीच्या ३९ केल्या, म्हणजे शक्ती ४४ टक्क्यांनी वाढविली, तरी कमाल वेग वाढतो तो जेमतेम १३ टक्के. तोही गिअर त्यास अनुरूप असतील आणि सरळ रस्ता पुरेसा लांब असेल तरच.

वळणावर कारभार टायरच्या हाती असतो. ५० मीटर त्रिज्येचे वळण साधारण पकडीच्या टायरवर ताशी ८० किलोमीटरने घेता येत असेल, तर पकड एक-पंचमांशाने वाढताच तेच वळण ८७ किलोमीटरने घेता येते. ताशी १०० किलोमीटर वेगातून थांबण्यास लागणारे अंतरही ३९ मीटरवरून ३३ वर येते. असा लाभ प्रत्येक वळणावर मिळतो. वजन घटविले तर गाडी लवकर वेग घेते आणि ब्रेक व टायर यांवरचा भारही हलका होतो. ज्या खेळांत गाडीची प्रत एकत्रित गुणांनी ठरते आणि शर्यतीस गुणांची मर्यादा असते, तेथे सारे गुण इंजिनावर उधळणारा खेळाडू वळणावळणावर मागे पडतो. मोठा टर्बोचार्जर बसविणाऱ्याची आणखी एक फसगत होते. त्याची शक्ती इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत एकवटते. वळणातून बाहेर पडताना, जेव्हा ती हवी असते, तेव्हा गाडी क्षणभर मंदावते.

फरीदाबादहून यमुनेपलीकडे गेले की ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट लागते. सुमारे ५.१ किलोमीटर लांबी, १६ वळणे आणि एक किलोमीटरहून लांब असा एक सरळ भाग. येथे फॉर्म्युला वनची पहिली शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. पण ‘एफ वन २०११’ हा खेळ त्याच सप्टेंबरात विक्रीस आल्यामुळे, खऱ्या मोटारींच्या आधीच हजारो खेळाडू या मार्गावर धावून आले होते! गाडीचे पंख सपाट ठेवले तर सरळ भागावर वेग मिळतो, परंतु पुढच्या वळणांच्या माळेत चाके घसरू लागतात. पंख उभे केले तर नेमके उलट. दोन्ही लाभ एकदम देणारी जुळणी नाही. म्हणून जाणता खेळाडू एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तीन-चार फेऱ्या मारतो आणि वेळ ताडून पाहतो. दहा गोष्टी एकदम बदलणाऱ्यास कशाने काय झाले हे कधीच उमगत नाही.

राजदूतच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर होता. मूळ जपानी गाडीच्या पुढच्या चाकास डिस्क ब्रेक होता, फरीदाबादच्या गाडीस ड्रम ब्रेक. धुराचा मार्ग मोकळा करून ३९ च्या जवळ पोहोचलेला स्वार थांबताना २७ अश्वशक्तीसाठी बसविलेल्या ब्रेकवरच विसंबून असे. खेळात अशी गाडी कठड्यावर आदळली, तर फेरी पुन्हा सुरू करता येते.