घाम येतो, पण वाळत नाही

एप्रिलमध्ये बातम्यांत मुंबईचे तापमान ३३-३४ अंश सांगतात, आणि डोंबिवलीकर विचारतो, मग इथे अंगाची लाही का होतेय? मुंबईचा म्हणून दिला जाणारा आकडा कुलाबा किंवा सांताक्रूझचा असतो. दोन्ही समुद्राजवळ. कल्याण-डोंबिवली समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आत आहे.

या दिवसांत सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. दुपारच्या सुमारास तो फिरतो, खारे वारे सुरू होतात आणि किनाऱ्यावर पारा थबकतो. पूर्वेचा वारा जोरात असला की खारे वारे लांबतात. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. ठाण्यात हे वारे उशिरा पोचतात, कल्याणला त्याहून उशिरा, तेही काँक्रीट, डांबर आणि पत्र्यांवरून तापत. गारवा वाटेत संपतो, दमटपणा तेवढा उरतो.

खरे दुखणे या दमटपणाचे. शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने. दमट हवेत तो नुसता ओघळतो; संध्याकाळच्या कसारा लोकलने जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे नागपूरच्या ४३ अंशांशी इथल्या ३८ची तुलना फसवी आहे. हवामान विभागही मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, किनारपट्टीवर मात्र ३७पासून, सरासरीपेक्षा पारा साडेचार अंशांनी चढला असेल तर. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानातील कार्यक्रमात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा बळी गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, इथवर सावली, पाणी आणि ओआरएसने भागते. पत्र्याच्या घरातले वृद्ध, नाक्यावरचे मजूर, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांनी मात्र एवढ्यावरही दुर्लक्ष करू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरी. तापाची गोळी इथे कामाची नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीही घालू नये. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.