घराच्या चौकशीला पहिला फोन कोणी करायचा? लीड-वाटपाच्या स्वयंचलित पद्धतीची ओळख

शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास पुण्यातल्या खराडी भागातील दोन बेडरूमच्या सदनिकेची जाहिरात पाहून एक जोडपे मालमत्ताविषयक संकेतस्थळावर आपले नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि बजेट नोंदवते. विक्रेत्यांच्या भाषेत त्या क्षणी एक 'लीड' तयार होते. अनेकदा हीच नोंद एकाच वेळी तीन-चार इस्टेट एजंटांकडे आणि विकासकाच्या विक्री कार्यालयाकडे जाते. त्यांपैकी कोणाचा फोन रविवारी सकाळी येतो, कोणाचा मंगळवारी, तर कोणाचा कधीच येत नाही. घर घेणारा मात्र बहुधा त्याच्याशीच बोलणे पुढे नेतो, ज्याने पहिल्यांदा नीट उत्तर दिले.

या विलंबाचा हिशेब मांडणारा एक अभ्यास 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये २०११ साली प्रसिद्ध झाला होता. जेम्स ओल्ड्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २,२४१ कंपन्यांनी संकेतस्थळावरील चौकशीला किती वेळात उत्तर दिले हे तपासले. तासाभराच्या आत उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के होत्या, तर २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिले नाही. तासाभरात संपर्क साधणाऱ्यांना ग्राहकाशी अर्थपूर्ण बोलणे होण्याची शक्यता, आणखी केवळ एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास सातपट अधिक आढळली. हा अभ्यास अमेरिकेतला आहे आणि केवळ घरांच्या व्यवसायापुरता नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. परंतु एकच चौकशी अनेकांच्या हाती पडणाऱ्या आपल्याकडील बाजारात वेळेचे मोल त्याहून कमी असेल, असे मानण्यास आधार नाही.

मर्जीचे वाटप

लहान-मोठ्या विक्री चमूंमध्ये आजही रूढ असलेली पद्धत साधी आहे. आलेल्या चौकश्या व्यवस्थापकाच्या ई-मेलमध्ये साठतात. तो सकाळी त्या एक्सेलच्या तक्त्यात उतरवतो आणि आपल्या अंदाजाने वाटून टाकतो, किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकून "कोण घेतो?" असे विचारतो. गटावर टाकलेली चौकशी जो आधी 'मी' लिहील त्याची होते. अर्थात त्या वेळी ग्राहकाला जागा दाखवण्यात गुंतलेला, म्हणजे खरे काम करणारा एजंट मागे पडतो. व्यवस्थापकाने वाटप केले तर भल्या मोठ्या बजेटची चौकशी त्याच त्या दोघांकडे का जाते, ही कुजबुज सुरू होते.

या कुजबुजीमागे पोटाचा प्रश्न असतो. या व्यवसायात अनेकांचे मूळ वेतन तुटपुंजे आणि उरलेली सारी कमाई दलालीची असते. चौकशी कोणाच्या वाट्याला आली यावर त्याचा महिना ठरतो. म्हणूनच वाटप स्वयंचलित करणे म्हणजे एखादी आज्ञावली विकत घेणे, ही समजूत अपुरी आहे. आज्ञावली केवळ नियम पाळते. ते नियम आजवर व्यवस्थापकाच्या डोक्यात होते. ते आता सर्वांसमोर कागदावर लिहावे लागतात. हे काम अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच टाळले जाते.

चौकशी आत येते कशी?

यंत्रणेचे पहिले काम म्हणजे सर्व वाटांनी येणाऱ्या चौकश्या एका जागी गोळा करणे. मालमत्तांची संकेतस्थळे, फेसबुकवरील जाहिरातींचे अर्ज, विकासकाचे स्वतःचे संकेतस्थळ, फलकावरील क्रमांकावर आलेले फोन आणि प्रत्यक्ष कार्यालयात डोकावणारे लोक, या सर्वांची नोंद ग्राहक-व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजे सीआरएममध्ये, व्हावी लागते.

त्यासाठी दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात आपली प्रणाली ठरावीक वेळाने संकेतस्थळाला 'काही नवे आहे का' असे विचारते. दुसऱ्यात, ज्याला वेबहुक म्हणतात, चौकशी नोंदवली जाताच संकेतस्थळच ती आपल्या प्रणालीकडे धाडते. टपाल कचेरीत दर तासाला चौकशीला जाणे आणि पोस्टमनने दारात पत्र आणून देणे यांत जेवढा फरक, तेवढाच येथे आहे. जिथे वेबहुकची सोय आहे तिथे तीच वापरावी.

यानंतरचा टप्पा कंटाळवाणा, पण निर्णायक आहे. एकच माणूस दोन संकेतस्थळांवर चौकशी करतो. एका ठिकाणी तो दहा अंकी क्रमांक लिहितो, दुसऱ्या ठिकाणी आधी शून्य, तिसऱ्या ठिकाणी अधिक ९१. यंत्राच्या लेखी ही तीन माणसे ठरतात आणि तिघा एजंटांचे फोन त्याला जातात. एकाच कार्यालयातून तीन वेगवेगळे भाव ऐकलेला ग्राहक पुन्हा फिरकत नाही. म्हणून क्रमांक एकाच साच्यात बसवून, जुनी नोंद सापडल्यास नवी चौकशी आधीच्याच एजंटाकडे पाठवणे हा वाटपाच्याही आधीचा नियम असावा. पती-पत्नी वेगवेगळ्या क्रमांकांवरून विचारणा करतात तेव्हा यंत्राला ते ओळखता येत नाही. तेथे एजंटाने दोन नोंदी जोडण्याची सोय लागते.

पाळीपाळीने, पण कोणाची पाळी?

वाटपाची सर्वांत सोपी रीत पाळीची. इंग्रजीत तिला 'राउंड रॉबिन' म्हणतात. समजा, पुण्यात सहा जणांचा चमू आहे आणि महिन्याला ३०० चौकश्या येतात. प्रत्येकाच्या वाट्याला ५० येतील. हे न्याय्य दिसते. मात्र वाघोली आणि हिंजवडी ही शहराची दोन टोके आहेत. एकाच एजंटाला दोन्हीकडच्या जागा दाखवायला लावल्या तर त्याचा रविवार रस्त्यातच सरतो. म्हणून पूर्व आणि पश्चिम असे दोन गट करून प्रत्येक गटात तिघांची पाळी लावणे शहाणपणाचे ठरते.

येथे मोह आवरावा लागतो. भाग, बजेट, भाषा, नवे घर की जुने, अशा चाळण्या वाढवत नेल्या तर सहा जणांच्या चमूत प्रत्येक कप्प्यात एकच माणूस उरतो आणि पाळी नावाची गोष्टच राहत नाही. तो माणूस रजेवर गेला की तो कप्पा बंद. प्रारंभी एक, फार तर दोन चाळण्या पुरेशा असतात.

काही चमूंत मागील महिन्यात ज्याची विक्री जास्त, त्याला अधिक चौकश्या देतात. वरकरणी हे व्यवहार्य वाटते. पण त्यातील गणित पाहावे. शंभर चौकश्यांमागे दोन विक्री होतात असे धरू. मग ५० चौकश्या मिळालेल्या एजंटाची सरासरी विक्री एक. परंतु नेमक्या याच क्षमतेच्या एजंटाची महिन्यात एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के येते. म्हणजे तीन सारख्याच कुवतीच्या माणसांपैकी एक जण निव्वळ नशिबाने शून्यावर राहू शकतो. पुढच्या महिन्यात त्याच्या चौकश्या कमी केल्या की शून्यावर राहण्याची शक्यता आणखी वाढते. नवखा एजंट या चक्रात अडकला की सहा महिन्यांत नोकरी सोडतो आणि 'त्याला जमलेच नाही' असा शेरा मागे राहतो. कामगिरी मोजायचीच असेल तर ती विक्रीच्या आकड्यावर न मोजता, किती वेळात फोन केला, पाठपुरावा किती वेळा झाला, किती जणांना जागा प्रत्यक्ष दाखवली, यांवर मोजणे अधिक रास्त. हे आकडे मोठे असतात आणि एजंटाच्या हातातले असतात.

दहा मिनिटांचे घड्याळ

चौकशी एजंटाच्या फोनवर पोहोचली म्हणजे ग्राहकापर्यंत पोहोचली असे नव्हे. त्यामुळे प्रत्येक वाटपाला मुदत जोडतात. कामाच्या वेळेत दहा मिनिटांत एजंटाने चौकशी स्वीकारली नाही तर ती पुढच्याकडे जाते, त्यानेही न घेतल्यास व्यवस्थापकाकडे. चौकशी पुढे सरकताच पहिल्याच्या पडद्यावरून ती नाहीशी झाली पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासाने त्याचाही फोन ग्राहकाला जातो. जागा दाखवण्यात गुंतलेल्याने आपली स्थिती 'व्यग्र' ठेवली तर त्याची पाळी जाऊ नये, ती राखून ठेवावी. ही सोय नसलेल्या यंत्रणेत लोक ग्राहकाशी बोलता बोलता एक डोळा फोनवर ठेवू लागतात.

रात्रीच्या चौकश्यांचा प्रश्न वेगळा आहे. साडेदहा वाजता कोणाला फोन करणे सभ्यपणाचे नाही. चौकशी मिळाल्याचा आणि सकाळी कोण, किती वाजता फोन करील याचा लघुसंदेश मात्र तत्काळ जाऊ शकतो. साठलेल्या चौकश्या सकाळी सर्वांत आधी हजर झालेल्याच्या पदरात पडू नयेत म्हणून त्यांचीही पाळी रात्रीच लावून ठेवावी. अपवाद परदेशस्थांचा. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे, तर कॅलिफोर्नियाचे ऋतूनुसार साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असते. तिथल्या मराठी कुटुंबाला आपल्या रात्री साडेदहाचा फोन सोयीचा असू शकतो. क्रमांकाच्या आधीचा देशाचा संकेत पाहून अशा चौकश्या वेगळ्या काढणे यंत्राला सहज जमते.

गुढीपाडवा, दसरा अशा मुहूर्तांच्या आसपास चौकश्यांचा लोंढा येतो. त्या दिवसांसाठी एका एजंटाकडे एका वेळी किती अनुत्तरित चौकश्या असाव्यात याची कमाल मर्यादा घालावी लागते.

कायद्याची चौकट

वाटपाच्या नियमांत एक चाळणी अशी आहे, जी ऐच्छिक नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजे रेराच्या कलम ९ नुसार, नोंदणीकृत प्रकल्पातील घराच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती नोंदणी त्या-त्या राज्यापुरती असते. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या संस्थेकडे गोव्यातील प्रकल्पाची चौकशी आली, तर गोव्याची नोंदणी असल्याखेरीज तिला त्यात मध्यस्थी करता येत नाही. मुंबई-पुण्याहून गोव्यात दुसरे घर घेणारे थोडे नाहीत, त्यामुळे हा प्रसंग काल्पनिक नव्हे. महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटही लागू केली आहे. प्रत्येक एजंटाची नोंदणी आणि तिची मुदत प्रणालीत नोंदवून, मुदत संपताच त्याची पाळी आपोआप थांबवणे हे यंत्राचे सर्वांत उपयुक्त कामांपैकी एक म्हणता येईल.

दुसरी बाजू ग्राहकाच्या माहितीची. खराडीतील एका सदनिकेसाठी दिलेला क्रमांक पुढे वर्षभर इतर प्रकल्पांच्या जाहिरातींसाठी वापरला जातो, हा अनुभव कोणाला नाही? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरणे आणि संमती काढून घेण्याचा मार्ग ग्राहकाला देणे, ही त्यातील मूळ तत्त्वे होत. व्हॉट्सअॅपच्या गटावर पंधरा जणांसमोर ग्राहकाचे नाव, क्रमांक आणि बजेट टाकण्याची प्रथा या तत्त्वांशी जुळणारी नाही. चौकशी एकाच एजंटाला दिसणारी यंत्रणा त्या दृष्टीनेही बरी. काही ठिकाणी तर एजंटाला क्रमांक दिसतच नाही, तो प्रणालीतून फोन लावतो.

यंत्र गप्प होते तेव्हा

स्वयंचलित यंत्रणेचा सर्वांत महागडा बिघाड आवाज करीत नाही. फेसबुकशी जोडणी करून देणारा कर्मचारी नोकरी सोडतो, त्याची परवानगी रद्द होते आणि त्या वाटेने चौकश्या येणे थांबते. पडद्यावर लाल दिवा लागत नाही, केवळ 'आज चौकश्या कमी आहेत' एवढेच वाटते. जाहिरातीचा खर्च मात्र चालू राहतो. फेसबुकच्या अर्जांतील नोंदी ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात, त्यानंतर त्या हाती लागत नाहीत. यावर उपाय साधा आहे: रोज संध्याकाळी संकेतस्थळावरील चौकश्यांचा आकडा आणि प्रणालीतील आकडा ताडून पाहावा. दुकानदार गल्ला मोजतो तसे. शिवाय कोणाच्याच नियमात न बसणारी चौकशी हवेत राहू नये म्हणून तिचा अखेरचा धनी कोण, हेही ठरलेले हवे.

नवी पद्धत एका दिवसात जुनीची जागा घेत नाही. पहिले दोन आठवडे यंत्राने केवळ 'ही चौकशी कोणाला गेली असती' एवढे नोंदवावे आणि वाटप जुन्याच रीतीने चालू ठेवावे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की नियमांतील खोट आणि जुन्या वाटपातील मर्जी, दोन्ही दिसू लागतात.

नोकरी सोडून जाणाऱ्या एजंटाच्या चौकश्यांचे काय, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवीत नाही. त्या उरलेल्यांत पाळीने वाटता येतात. पण त्याने चार वेळा जागा दाखवलेला ग्राहक तो गेल्यानंतर महिन्याभराने टोकन देतो, तेव्हा दलालीत त्याचा वाटा किती, हे नियुक्तीच्या वेळीच लेखी ठरवावे लागते. प्रणालीतील तारीखवार नोंद अशा वेळी दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून उपयोगी पडते.