पी.टी.चा तास आणि मुलींचे रक्त

खेड्यातल्या मुलांना वेगळा व्यायाम कशाला, असे पालक अजूनही म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे आता निम्मेच खरे आहे. भीमाशंकरच्या बाजूची, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची मुले अजून डोंगर चढतात-उतरतात. नारायणगाव, मंचर, आळे या बागायती पट्ट्यात मात्र शाळेला जायचे ते व्हॅनने, वडिलांच्या मोटारसायकलवरून किंवा एसटीने. मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पास ही शिक्षणाची मोठी सोय, पण पायांचे काम तिने कमी केले. त्यात उसातला बिबट्या. अंधार पडायच्या आत मुलगी घरात हवी, असे आई बजावते आणि तिचे चुकत नाही. मग मुलीला मोकळे धावायला एकच जागा उरते, शाळेचे मैदान. आणि एकच वेळ, पी.टी.चा तास.

तोही पुरता मिळत नाही. दहावीला शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय, टक्केवारीत न येणारा. त्यामुळे दिवाळीनंतर तो तास बऱ्याचदा गणिताकडे जातो. झालाच, तर मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली झाडाखाली बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाचे ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली यात कमी पडल्या. मुलगी बारीक आहे, तिला व्यायाम नको, हा समजही सोडावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त असलेली बाळे दिसली. अशा बारीक अंगातही पुढे मधुमेह येतो. हाडांचा हिशेब तर याच वयातला. प्रौढपणीच्या हाडांतला सुमारे पाव भाग वयात येतानाच्या दोनेक वर्षांत जमा होतो, आणि धावण्या-उड्यांचा भार पडला तर तो चांगला जमतो. साठीत खुबा मोडल्यावर ही शिल्लक भरून काढता येत नाही.

पण मैदानावर सगळ्यात आधी दिसते ते रक्त. एका फेरीत धाप लागणारी, डोके धरून बसणारी मुलगी ‘आळशी’ ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलग्यांत ३१ टक्के. पाळीत लोह जाते, वाढीला लोह लागते आणि ताटात ते कमी पडते. म्हणून पी.टी.च्या सरांनी किंवा बाईंनी अशा मुलीला शिक्षा म्हणून आणखी फेऱ्या मारायला लावू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवावे. ते १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत, ८ च्या खाली असेल तर लगेच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही. चहाने लोह शोषले जात नाही. शौच काळसर झाले म्हणून घाबरून गोळी टाकून देण्याचे कारण नाही.

खेळासाठी मोठा खर्च लागत नाही. महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटरची जागा पुरते. खो-खोत मुलगी क्षणात उठते, वळते, सुसाट पळते. हाडांना असाच भार मानवतो. ओढणीऐवजी ट्रॅक पँट हा पालकसभेत पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न आहे. पाळीत खेळू नये याला वैद्यकीय आधार नाही. झेपेल तेवढ्या हालचालीने अनेकींच्या कळा कमी होतात. फार रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र आधी तपासणी. एरवी त्या दिवसांत मुलगी मैदानावर येत नाही, त्याचे कारण अनेकदा साधे असते: शाळेच्या संडासाला कडी नसते, नळाला पाणी नसते.