आधी हालचाल, मग घडण

कोंबडीच्या अंड्यातला गर्भ चौथ्या दिवसाच्या सुमारास हलू लागतो; स्पर्शाला प्रतिसाद मात्र त्यानंतर सुमारे तीन दिवसांनी देतो. विल्हेल्म प्रायर यांनी 1885 साली नोंदवलेली ही विसंगती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, कारण प्रत्येक हालचालीमागे बाहेरची चेतना असते ही समजूत पक्की होती. 1960च्या दशकात सेंट लुईसमध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी पायांकडच्या मज्जारज्जूला मेंदूकडून आणि त्वचेकडून येणारे संदेश तोडले, तरी गर्भाचे पाय हलतच राहिले. हालचाल चेतापेशींच्या स्वयंस्फूर्त विद्युत्-स्पंदनांतून येते, हे सिद्ध झाले. ती स्पंदने चेताजाल घडवतात की घडत्या जालातून नुसती उमटतात, हा वाद मात्र उरला.

नुसती उमटतात, असे म्हणणाऱ्यांचा पुरावा भक्कम होता. लेनर्ड कारमायकेल यांनी 1926 साली सॅलॅमँडरचे गर्भ गुंगीच्या द्रावणात वाढवले. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात ते पोहू लागले. 2000 साली तर चेतापेशींमधली रासायनिक देवाणघेवाण बंद असलेल्या उंदरांच्या गर्भातही मेंदूची प्राथमिक रचना उभी राहिलेली दिसली. आराखडा जनुकांचा आहे, हे यावरून मान्यच करावे लागते. पण या प्रयोगांनी विचारले ते एवढेच, की रचना उभी राहते का आणि प्राणी हलतो का. तो किती सफाईने हलतो, जाल ताण सोसते का, हे विचारायचे राहून गेले.

ते प्रश्न या शतकात विचारले गेले. हॅन्सन आणि लँडमेसर यांनी 2004 मध्ये कोंबडीच्या गर्भातली स्पंदने बंद न करता केवळ मंदावली, तर स्नायूंकडे निघालेले चेतातंतू वाट चुकले. फळमाशीच्या गर्भात ठरावीक काळ क्रियाशीलता रोखली, तर सुसूत्र हालचाल उशिरा आली. गियाकेल्लो आणि बेन्स यांनी 2015 मध्ये गर्भावस्थेतल्या अल्पशा काळात ती बिघडवली, तेव्हा बाहेर आलेल्या अळ्या सरपटल्या खऱ्या, पण झटक्यांना सहज बळी पडू लागल्या. जनुके जाल मांडतात. ते जुळवून घेण्याचे काम स्पंदनांचे, आणि त्यासाठी वेळ ठरलेली असते.

माशीवरून माणसाचे थेट अनुमान काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही मानवी गर्भ आठव्या आठवड्याच्या सुमारास हलू लागतो, आईला ते जाणवण्याच्या कितीतरी आधी. म्हणून गर्भारपणात चेतासंस्थेवर काम करणारी औषधे तपासताना बाळाचे अवयव धड आहेत एवढ्यावर थांबू नये; त्याची चाल आणि झटक्यांची प्रवृत्ती पुढे अनेक वर्षे पाहिली पाहिजे.